खिसेवही

थोरलीच्या धुलाईत एखाद्या चादरीवर इस्त्रीचा डाग उमटला, तर ती चार शब्द सुनावून गप्प बसे. पण गिऱ्हाइकाच्या खिशातली वस्तू इकडची तिकडे झाली, तर ज्या बाईने ती हलवली तिला दुसऱ्या दिवशी कामावर यायचं कारण उरत नसे.

समोरच्या मोठ्या हॉटेलातून रोज सकाळी नऊ-दहा गाठोडी येत. देशोदेशीचे पाहुणे, देशोदेशीचे कपडे. कपडा पाण्यात जायच्या आधी त्याचे खिसे उलटे करायचे आणि निघेल ते दाराजवळच्या लाकडी पेटीत टाकायचं, असा दंडक. पेटीला वरून फट, पुढून कुलूप. किल्ली थोरलीच्या कमरेला, नाडीत ओवलेली. संध्याकाळी सहाला पेटी उघडायची, एकेक वस्तू खिसेवहीत चढवायची, पांढऱ्या लिफाफ्यात घालायची, वर धुलाईचा शिक्का मारायचा आणि ज्याची त्याला परत. औषधाच्या गोळ्या, खोलीची कार्डं, बँकेची कार्डं, जोडातलं एकच कानातलं, पासवर्ड खरडलेल्या चिठ्ठ्या. एकदा तर दाताची कवळी निघाली होती. त्या गृहस्थाने जेवणाची वेळ कशी मारून नेली असेल, यावर इस्त्रीवाल्या बाया आठवडाभर हसत होत्या.

थोरली तिसरीपर्यंत शिकलेली. सही येई, आकडे येत, दुकानाची पाटी वाचता येई; पण सलग चार ओळी समोर आल्या की अक्षरं मुंग्यांसारखी पांगत. म्हणून लिहिणं-वाचणं सगळं धाकटीकडे. धाकटी म्हणजे पाठची बहीण, सात वर्षांनी लहान. ती रांगायला लागली तेव्हा आई कामाला जायची आणि तिला सांभाळायला घरात दुसरं कोणी नव्हतं. थोरलीने शाळा सोडली आणि बहिणीला कडेवर घेतलं. पुढे तिच्याच कमाईवर धाकटी कॉलेजपर्यंत गेली, लग्न झालं, नवऱ्याने टाकलं, आणि ती बहिणीच्या घरी परत आली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत थोरलीने तिला कधी उपाशी ठेवलं नाही, आणि ते ऐकवल्याशिवाय कधी जेवूही घातलं नाही.

एका मंगळवारी दुपारी एक सरकारी माणूस दारात उभा राहिला. चष्मा, हातात फाइल, बूट मात्र धुळीने माखलेले. सायबर शाखेतून आलोय म्हणाला. बायांनी तिथल्या तिथे त्याचं नाव 'सायबरवाला' ठेवून टाकलं.

"आमच्याकडे कॉम्प्युटर नाही," थोरली म्हणाली. "धुवायची मशीनं आहेत. त्यातलं काही बिघडलं असेल तर बघा."

"मावशी, मी एक पत्र घेऊन आलोय. परदेशातून आलंय."

पत्राला तीन शिक्के होते. भाषांतर करून पाठवलेलं, पण भाषांतर असं की ते करणाऱ्याला जन्मात कोणाशी बोलायची वेळ आली नसावी. धाकटीने नेहमीच्या सपाट आवाजात वाचायला घेतलं. "'विनंतीकर्ता देश विनंतीग्राही देशास सादर विनंती करतो की, उपरोक्त विनंतीच्या अनुषंगाने...'"

"थांब," थोरली म्हणाली. "एवढ्या विनंत्या तर शाईचा डाग काढून मागणारं गिऱ्हाईकसुद्धा करत नाही. साहेब, तुम्हीच तोंडाने सांगा."

सायबरवाला स्टुलावर बसला आणि त्याने सांगितलं. तीन देशांतल्या काही माणसांच्या मेलच्या पेट्या कोणीतरी उघडल्या होत्या. आतलं सगळं वाचलं, आणि त्यांच्याच नावाने त्यांच्या ओळखीपाळखीच्या लोकांना खोटीनाटी पत्रं पाठवून फसवलं. प्रत्येक देशाचे पोलीस आपापल्या जागी चाचपडत होते. शेवटी तिन्ही देशांनी याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकतीस माणसं. वय वेगळं, धंदा वेगळा, बँक वेगळी. सारखं एवढंच, की सगळे कधी ना कधी समोरच्या हॉटेलात उतरले होते.

"मग हॉटेलात जा की."

"जाऊन आलो. तिथे काही सापडलं नाही. कोणाचं काही चोरीलाही गेलेलं नव्हतं. पण त्या यादीत एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना आठवलं, की आपल्या जाकिटातली पासवर्डची चिठ्ठी धुलाईतून परत आली होती. पांढऱ्या लिफाफ्यात. मग बाकीच्यांना विचारलं. एकतीसच्या एकतीस जणांना लिफाफा मिळालेला."

इस्त्र्या थांबल्या होत्या. वाफेचा तेवढा फुसफुस आवाज.

"म्हणजे वस्तू परत मिळाली, ही तक्रार?" थोरलीचा आवाज चढला. "अहो, चोर वस्तू नेतो! परत केल्याबद्दल पोलीस दारात आलेले मी आजच बघतेय."

"वस्तू हरवली की माणूस सावध होतो मावशी. कार्ड बंद करतो, पासवर्ड बदलतो. जी वस्तू जशीच्या तशी परत येते, तिच्यावर कोण संशय घेणार?"

थोरलीला हे उलटं तर्कट डोक्यात शिरायला वेळ लागला, आणि शिरलं तेव्हा तिचं अंग तापलं. तिच्या इमानावरच बोट! त्याच शिक्षिकेचं आभाराचं पत्र तिने काच लावून भिंतीवर टांगलेलं होतं. धाकटीने ते तिला चार वेळा वाचून दाखवलं होतं.

"आणि त्या लोकांचं तुम्ही का ऐकता? त्यांचा देश कुठे, आपला कुठे."

"करार आहे. त्यांनी पुरावा मागितला की आपण गोळा करून द्यायचा, आपण मागितला की त्यांनी. गुन्हेगारसुद्धा, वेळ पडली तर."

"म्हणजे सोयरीक," थोरली म्हणाली. "व्याह्याने मागितलं तर नाही म्हणता येत नाही."

"तसंच समजा. आता सांगा, ही पेटी कोण उघडतं?"

थोरली उठून उभी राहिली. आपल्या दुकानात आपल्याला कोणी असं विचारावं! तिने कमरेची किल्ली दोन बोटांत धरून दाखवली.

"लिहा. ही किल्ली माझ्या कमरेची सुटत नाही. झोपेतसुद्धा नाही. माझ्याशिवाय या पेटीला हात लावायची कोणाची छाती नाही. लिहिलंत?"

"दुसरं कोणीच नाही? नक्की?"

"बहिरे आहात का साहेब?"

खरं तर रोज सहा वाजता ती किल्ली नाडीतून काढून धाकटीच्या हातात देत असे, आणि स्वतः हॉटेलच्या गाडीत घड्या केलेले कपडे भरायला उभी राहत असे. सात वाजता किल्ली परत. हे तिला आठवलं नाही असं नव्हे. पण 'दुसरं कोणी' म्हटल्यावर धाकटी तिच्या डोळ्यांपुढे आलीच नाही. डाव्या हाताने घेतलं ते उजव्याने घेतलं नाही, असं कोणी म्हणतं का? धाकटी म्हणजे तिचेच डोळे, तिचंच अक्षर.

सायबरवाल्याने जबाब लिहिला. धाकटीने वाचून दाखवला. "'सदर पेटी माझ्याव्यतिरिक्त अन्य कोणीही उघडत नाही व किल्ली सदैव माझ्या ताब्यात असते.' ताई, असंच ना?"

"असंच."

धाकटीने बोट ठेवून दाखवलं तिथे थोरलीने ठळक, फुगलेल्या अक्षरांत सही ठोकली. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

मग अडीच महिने काही झालं नाही. जबाब सायबरवाल्याच्या साहेबाकडे गेला, तिथून मंत्रालयात, तिथून दुसऱ्या देशाच्या मंत्रालयात, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला एक शिक्का वाढला. इस्त्रीवाल्या बाया म्हणत, आपण टपालाला कपडे दिले असते तर तेवढ्यात झिजून परत आले असते. थोरलीही हसे. तिला वाटलं, मिटलं.

सायबरवाला परत आला तेव्हा धाकटी लिफाफे पोचवायला हॉटेलात गेली होती. त्याने थोरलीला आतल्या खोलीत बसायला सांगितलं, म्हणजे तिच्याच दुकानात तिलाच बसायला सांगितलं, आणि टेबलावर काही फोटो मांडले.

"पलीकडच्या देशात एक माणूस पकडलाय. मेलच्या पेट्या उघडणारा तोच. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये हे सापडले. चारशेच्या वर आहेत. इथून कोणीतरी त्याला पाठवत होतं."

प्रत्येक फोटोत एक वस्तू. कार्डाच्या दोन्ही बाजू. उलगडलेली चिठ्ठी. आणि प्रत्येक वस्तूखाली निळ्या रेघांचं पान. खिसेवहीचं पान.

"म्हणजे फोटो पेटी उघडल्यावर काढलेत," तो हळू बोलत होता. "खिसे तपासणाऱ्या बायकांनी नव्हे. आणि पेटी तुमच्याशिवाय कोणी उघडत नाही. ते तुमच्याच सहीने लिहिलेलं आहे. तिन्ही देशांनी ते वाचलंय. मावशी, सगळी बोटं तुमच्याकडे आहेत. पुढच्या गुरुवारी पडद्यावर तुमची साक्ष आहे. तिकडच्या न्यायाधीशांसमोर. तोच जबाब कायम ठेवलात, तर साक्षीदार म्हणून आत जाल आणि आरोपी म्हणून बाहेर याल."

थोरली ऐकत नव्हती. ती एका फोटोकडे बघत होती. चिठ्ठीचा कोपरा वळू नये म्हणून कोणीतरी डाव्या हाताने तो दाबून धरला होता. चार बोटं वाकलेली होती. करंगळी ताठ, काडीसारखी.

धाकटी नऊ वर्षांची असताना कपडे पिळायच्या रुळांत तिची करंगळी सापडली होती. दांडा थोरली फिरवत होती. आईला दोघींनी मिळून सांगितलं, दारात सापडली. ती करंगळी त्यानंतर कधी वाकली नाही.

तिने दुसरा फोटो ओढला. तिसरा. सगळीकडे ती करंगळी, जणू हजेरी देतेय.

"ओळखीचं काही दिसतंय?" सायबरवाल्याने विचारलं.

"वही माझी आहे," थोरली म्हणाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं तरी कोणाच्या नावाने.

तो गेल्यावर तिने बायांना लवकर घरी पाठवलं. धाकटी आली, चपला काढल्या, आणि रिकामं दुकान बघून दारातच थांबली.

"बस," थोरली म्हणाली. "डावा हात टेबलावर ठेव."

धाकटीने हात ठेवला नाही. तो पाठीमागे घेतला. तेवढ्याने सगळं कळलं.

"किती वर्षं?"

"तीन."

"तीन वर्षं माझ्या वहीवर चिठ्ठ्या ठेवून तू त्यांचे फोटो काढत होतीस. आणि मी बाहेर उभी राहून तुझ्यासाठी चहा झाकून ठेवत होते."

"चहा झाकून ठेवायचीस, आणि गाडीवाल्याला सांगायचीस, 'आमची विद्वान बसलीय आत, लिहितेय. एवढं शिकवलं तेव्हा कुठे लिफाफ्यावर पत्ता लिहिण्यापुरती झाली.' मला ऐकू यायचं ताई. दाराला फट आहे."

"ते बोलणं झालं. बोलण्याने कोणाच्या घरावर पोलीस येत नाहीत."

"मला एक खोली हवी होती. माझी. जिथे जेवताना कोणी ताटाकडे बघणार नाही. ज्याला फोटो पाठवायचे तो माणूस हॉटेलात लिफाफा देताना भेटला. म्हणाला, फोटो पाठव, पैसे देतो, कोणाचं काही जात नाही, वस्तू तर परतच जातात. मलाही तेच वाटलं."

"आणि जबाब?" थोरलीचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "मी मूर्खासारखी बोलून गेले. पण तू वाचत होतीस. तुला कळत होतं, त्या सहीचं पुढे काय होणार. तरी मला विचारलंस, 'ताई, असंच ना?' एक शब्द बोलायचा होता. 'ताई, सहा ते सात किल्ली माझ्याकडे असते.' मी तिथेच तुला पोटाशी धरलं असतं, आणि त्या चष्मेवाल्याला हाकलून दिलं असतं."

"मी खोटं वाचलं नाही. तू बोललीस तेच वाचलं."

"तेच तर म्हणतेय! खोटं वाचलं असतंस तर परवडलं असतं."

धाकटी खुर्चीत बसली. रडली नाही. तिचा आवाज पत्र वाचतानाचा होता, तसाच सपाट.

"ताई, नीट ऐक. हॉटेलात चौकशी झाली तेव्हाच मी वकिलाला विचारून आलेय. तुझं वय झालंय. तुझा गुडघा असा, डोळे असे, शिक्षण नाही. बाईला काही कळत नव्हतं, असं म्हणतील. तुला इथल्या इथे ठेवतील, फार तर वर्षभर घरीच. माझं तसं नाही. मी शिकलेली, मला सगळं कळत होतं. मला समुद्रापार नेतील. तू फक्त पुन्हा विचारतील तेव्हा आधीचंच बोल."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. वकिलाला विचारून आलेय. म्हणजे जबाबाच्या दिवशी घाबरून गप्प राहिली असंही नाही. मापं घेऊन, कापड बेतून ठेवलेलं होतं.

"माझ्यासाठी शाळा सोडलीस, ते मला आयुष्यभर ऐकवलंस," धाकटी म्हणाली. "तसंच आणखी एकदा कर. या वेळी मी स्वतः सगळ्यांना सांगत फिरेन."

गुरुवारपर्यंत दोघी एकाच घरात राहिल्या. भांड्यांचे आवाज तेवढे होत. थोरलीने दोनदा ठरवलं, गप्प बसायचं. रुळाचा दांडा शेवटी तिनेच फिरवला होता. पण मग तिला आपलं नाव तीन देशांच्या कागदांवर दिसे. 'बाईला काही कळत नव्हतं.' तिने चाळीस वर्षं धुलाई चालवली होती, आणि शेवटी लोक असं म्हणणार होते.

गुरुवारी सरकारी कचेरीच्या बोळात तिने सायबरवाल्याला बाजूला घेतलं.

"साहेब, एक विचारते. समजा घरातलंच कोणी निघालं, तर त्याला तिकडे पाठवतात का?"

त्याने तिच्याकडे बघितलं, मग बाकावर बसलेल्या धाकटीकडे. तो मूर्ख नव्हता.

"खरं बोला मावशी. मी आहे ना. इथलं माणूस इथेच राहील, खटला इथेच होईल. मी तसं लिहून पाठवतो."

"शब्द?"

"शब्द."

खोलीत एक टेबल, दोन माइक आणि भिंतीवर मोठा पडदा. पडद्याचे चौकोन पाडलेले. एकात काळ्या झग्यातले न्यायाधीश, एकात कोणत्यातरी देशाचा पोलीस, एकात ती शिक्षिका. एकात थोरली स्वतः, आणि तिच्या खांद्याशी धाकटी, कागद वाचून दाखवायला म्हणून. थोरलीला वाटलं होतं शिक्षिका उंच, रुबाबदार असेल. ती होती बारीकशी, स्वेटर घातलेली, आणि स्वेटरची घडी चुकीच्या जागी पडलेली.

दुभाषा तिचं बोलणं सांगू लागला. माझ्या नावाने माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं गेली. घाणेरडी पत्रं. काहींनी माझ्याशी बोलणं सोडलंय. मी नव्हते, हे मी एकेकाला सांगत फिरतेय. काही जण हो म्हणतात आणि नजर चुकवतात. मला फक्त एक विचारायचंय. त्या बाईंनी चिठ्ठी परत केली तेव्हा मी त्यांना आभाराचं पत्र लिहिलं होतं. ते त्यांना मिळालं होतं का?

न्यायाधीश काहीतरी म्हणाले. दुभाषा म्हणाला, उत्तर दिलं नाही तरी चालेल.

"मिळालं," थोरली म्हणाली. "भिंतीवर लावलंय. मला वाचता येत नाही धड, पण रोज पुसते."

मग तिने माइक जवळ ओढला. तो खरखरला.

"आधी लिहून दिलं ते चूक आहे. किल्ली माझ्या कमरेला असते, पण रोज सहा ते सात मी ती काढून देते. या बसलेल्या बाईला. ही माझी बहीण. फोटोत हात तिचा आहे. डावी करंगळी बघा, ती वाकत नाही. का वाकत नाही ते मला माहीत आहे, पण ते आमच्या घरातलं आहे, ते लिहू नका."

दुभाषा बोलत असताना धाकटी हलली नाही. फक्त हातातला कागद तिने मुठीत चुरगळला, आणि माइकने तो आवाजही टिपला. सुकं पान घासावं तसा आवाज तिन्ही देशांत गेला असेल.

नवा जबाब छापून आला. सायबरवाल्याने सवयीने तो धाकटीपुढे सरकवला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याने हात पुढे केला. "मी वाचून दाखवतो."

"नको," थोरली म्हणाली. "द्या इकडे."

तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दोन पानं होती. अक्षरं पांगत होती आणि ती एकेकाला ओढून परत ओळीत आणत होती. कधी ओठ हलत, कधी तोंडातून शब्द फुटे, 'सदर... सदरहू...', आणि ती परत मागे जाई. कोणी खोकलं. न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला आणि हातावर हनुवटी टेकली. शिक्षिका मात्र पुढे वाकून बघत होती. आयुष्य तिने असल्याच वाचनासमोर घालवलं असणार. पाऊण तास लागला. एका ठिकाणी 'धाकटी बहीण'च्या जागी 'मोठी बहीण' छापलं होतं. थोरलीने ते दाखवलं, दुरुस्त करून घेतलं, आणि मग सही केली.

धाकटीला त्याच इमारतीतून घेऊन गेले.

दुसऱ्या आठवड्यात हॉटेलने निरोप पाठवला, गाठोडी आता दुसरीकडे जातील. थोरली निर्दोष आहे हे आम्हाला माहीत आहे, पण पाहुणे विचारतात. तिने बायांना सांगितलं. त्यातल्या दोघी रडल्या. तिने त्यांनाच झापलं, रडायला काय झालं, आजूबाजूला कपडे घालणारी माणसं संपली का.

दीड महिन्याने सायबरवाला आला. या वेळी तो स्टुलावर बसला नाही.

"मावशी, तिकडच्या देशाने त्यांना मागितलंय. नुकसान तिकडच्या लोकांचं झालं, खटला तिथे चालणार. आपल्या कोर्टाने मान्य केलं."

"तुम्ही लिहिणार होतात."

"लिहिलं होतं. तेवढंच माझ्या हातात होतं. बाकी करार ठरवतो, आणि वरचे लोक."

"मग शब्द कशाच्या जोरावर दिलात?"

त्याने फाइल या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही खरं बोलावं म्हणून."

थोरलीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बूट आजही धुळीचे होते.

"साहेब, आमच्याकडे डाग निघणार नसेल तर आम्ही कपडा घेतानाच सांगतो. जा आता."

जाण्याआधी नातेवाइकाला एकदा भेटता येतं, असं कळलं. थोरली गेली. जाड लोकरी कोट घेऊन गेली, स्वतः इस्त्री केलेला. भेटीच्या खोलीत टेबल जमिनीला ठोकलेलं होतं. धाकटी बारीक झाली होती, पण केस नीट विंचरलेले. दोघी समोरासमोर बसल्या.

"तिकडे थंडी असते म्हणे."

"असते," धाकटी म्हणाली. कोटावर हात फिरवला, पण जवळ ओढला नाही.

"तुला खोलीच हवी होती, तर एकदा म्हणायचंस."

"म्हटलं होतं. तीन वेळा. तू म्हणालीस, इथे तुला काय कमी आहे."

थोरलीला आठवलं. ती म्हणाली होती. वर आणखीही काही म्हणाली होती.

"मी तुला पाठवलेलं नाही," ती म्हणाली. इथे येताना वाटभर ती हेच घोकत होती. "मी आधी विचारून घेतलं होतं. साहेब म्हणाले, खटला इथेच होईल. शब्द दिला होता त्यांनी. तो मिळाला तेव्हाच मी तोंड उघडलं. त्यांनी फसवलं मला."

धाकटी हसली. खूप दिवसांनी हसत असावी.

"त्या पहिल्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं, ताई. पाचव्या पानावर. कोणाला कुठे नेता येतं, कोण ठरवतं, सगळं. तू मला पहिल्याच ओळीला थांबवलंस, पुढचं मी मनातल्या मनात वाचलं. त्याला कशाला विचारलंस? मला विचारायचंस. मी वाचून दाखवलं असतं."

थोरलीने टेबलाच्या कडेला हात टेकले.

"खरं वाचलं असतंस?"

धाकटीचं हसू ओसरलं. तिने खरोखरच विचार करायला घेतला. कोटाच्या बटणाकडे बघत, भुवया जवळ आणून, अवघड बेरीज करावी तसा. थोरली वाट बघत होती. एवढा वेळ लागतोय, म्हणजे उत्तर काय असणार ते तिला कळलं. ती गुडघ्याला आधार देत उठली, कोट टेबलावर होता तिथून बहिणीच्या बाजूला सरकवला, आणि उत्तर ऐकायला थांबली नाही.